वागळे आणि त्याचे खानदेशांतील स्नेही

मुंबईच्या दूरदर्शन केंद्रावर १९७७ सालाच्या सुमारास चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ दिसूं लागले, तेव्हां जळगांव व धुळें या गांवांना त्यांचें दर्शन घडलें नाहीं. श्री. दिलीप प्रभावळकर व श्री. बाळ कर्वे यांच्या जोडीची कीर्ति मुंबई-पुण्याहून सुटींत आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून तेवढी कानीं पडे. खानदेशचा चिमणराव पुस्तकांतलाच राहिला. पुढील दशकांत गांवोगांव सहक्षेपण केंद्रें उभीं राहिलीं आणि घरांत चित्रें आलीं. पण तीं दिल्लीहून, हिंदींतून आलीं. म्हणून, श्रोतेहो, एका मराठी कारकुनाच्या ओढाताणीच्या संसारावर खानदेशची एक पिढी हंसली, ती हिंदी ऐकून हंसली, ही मोठी गंमतीची गोष्ट आहे.

मालिकेचें नांव ‘वागळे की दुनिया’. ती १९८८ सालीं सुरू झाली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनीं हें कुटुंब कल्पिलें, दुर्गा खोटे यांच्या संस्थेनें तें पडद्यावर आणलें व आरंभीं कुंदन शहा यांनीं दिग्दर्शन केलें. राधिका झाल्या भारती आचरेकर, गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. श्रीनिवास वागळे झालेले अंजन श्रीवास्तव मात्र मराठी नव्हेत. त्यांचें बालपण कलकत्त्यास गेलें. परंतु ते स्वतः बँकेंत नोकरी करीत नट झाले होते, आणि साहेबाच्या खोलीबाहेर उभें राहिलें म्हणजे माणसाचे खांदे कसे पडतात, हें त्यांना कोणी शिकवावें लागलें नसावें.

या मालिकेच्या चाहत्यांचा एक वाद जळगांवांतील एका गच्चीवर उन्हाळ्याच्या रात्रीं रंगला. वादी दोघे आतेभाऊ-मामेभाऊ. धाकटे नाना जिल्हा परिषदेंतून निवृत्त झालेले लिपिक. थोरले आबा धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्यें साचेखात्यांत होते. ती मिल बंद पडली. त्या दिवशीं स्टेशनवरून येतांना, जळगांवच्या खानदेश मिलच्या जागीं उभें राहिलेलें दुकानांचें संकुल पाहूनच आबा आले होते.

नाना म्हणाले, “आबा, वागळे म्हणजे मीच. एक तारखेस राजा, आणि वीस तारखेस वाण्याचें दुकान टाळून पलीकडच्या गल्लीनें जाणारा. पाहुणे नेमके महिनाअखेर यावयाचे. घरांत कळण्याची भाकरी आणि ठेचा. तुम्हीहि हंसत होतांच कीं.”

“हंसत होतों. पण नाना, तुझ्या वीस तारखेच्या पुढें पुन्हां एक तारीख होती. मिलचा भोंगा थांबल्यावर आमच्या घरीं तारखाच राहिल्या नाहींत. भिंतीवर नुसते आंकडे.”

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा खचित नाहीं. तंगीवरील विनोदाला पगाराचा आधार लागतो. वागळ्याची फजिती झाली तरी सकाळीं त्याचें टेबल कचेरींत जागेवर असणार, या भरंवशावर प्रेक्षक निर्धास्तपणें हंसतो. आबांचा ओढा १९८६ च्या ‘नुक्कड’कडे होता, तो याचमुळें. त्या मालिकेचे दिग्दर्शन कुंदन शहा व सईद मिर्झा यांचें. तिच्यांतील सायकली दुरुस्त करणारा हरी, विजेचीं कामें करणारा गुरु, दारूंत बुडालेला खोपडी, यांना एक तारीख ठाऊकच नव्हती. तरी ते एकमेकांस हंसवीत.

नाना गप्प झाले. तेव्हां इतका वेळ लसूण सोलीत बसलेल्या आबांच्या पत्नी म्हणाल्या, “मग शेजाऱ्यांच्या उंबऱ्यांत बसून दर खेपेस वागळेच पाहत कां होतां? साहेबापुढें तो चाचरला कीं सासूबाई म्हणायच्या, ‘हाऊ ते आम्हनाच माणूस शे!’ आणि तुम्ही दोघे वागळे वागळे काय करतां? संसार ओढला राधिकेनें. ते नुसते घाम पुसत होते.”

यावर दोघेहि मनापासून हंसले. उत्तर कोणाजवळच नव्हतें.

२०२१ सालीं त्याच घराची पुढली मालिका आली होती. तींत श्रीवास्तव व आचरेकर आजी-आजोबा झाले, आणि मुलाचा संसार सुमीत राघवन यांनीं मांडला. तिची आठवण निघतांच आबांनीं एकदम विचारलें, “नाना, वागळ्याची नोकरी सरकारी कीं खाजगी?”

“खाजगी.”

“म्हणजे तुझ्यासारखें पेन्शन त्याला नाहीं.”

“नसावें.”

“मग म्हातारपणीं तो माझ्याच बाकावर येऊन बसला म्हणायचा,” असें म्हणून आबांनीं तांब्यांतील पाणी घेतलें, आणि मोबाइलवर जुने भाग कसे लावावयाचे तें ते नानांच्या नातवास विचारूं लागले.