शिंगं आहेत म्हणून नर नव्हे



न्हावऱ्याहून भीमा ओलांडून चौफुल्याला जा आणि तिथून सुप्याकडे निघा. ऊस मागे पडतो, कुसळी गवताचे माळ लागतात. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा बघायला लोक तिथे येतात, शिंगं दिसली की ‘नर’ म्हणून मोकळे होतात, आणि मोजणीचा घोळ इथेच सुरू होतो.

ही सवय काळविटामुळे लागली असावी. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळवीट बघा: नराची पाठ काळीभोर, शिंगं पिळाची, मादी तांबूस आणि बहुधा बिनशिंगी. चिंकाऱ्यात मात्र दोघांनाही शिंगं असतात. शेळीलाही ती असतात, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा शिंग आहे का, हे सोडा. ते कसं आहे ते बघा. नराचं शिंग बुडाशी जाड, त्यावर ठसठशीत वळ्या, लांबी पंचवीस-तीस सेंटिमीटर. बाजूने पाहिलं तर ते मागे झुकून टोकाशी किंचित पुढे येतं. मादीचं शिंग बारीक, जवळजवळ गुळगुळीत, नराच्या निम्म्याहून लहान. कधी वाकडं, कधी एकच शाबूत. दुर्बिणीतून आधी शिंगाचं बूड बघावं, टोक नंतर.

खरी फसगत होते ती कोवळ्या नराबाबत. त्याची शिंगं पुरती वाढलेली नसतात, आणि लांबून तो हमखास मादीत धरला जातो. अशा वेळी थांबावं. लघवी करताना मादी मागचे पाय दुमडून खाली बसते, नर अंग ताणून उभा राहतो. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या पांढऱ्या रानशेळीतही नर-मादी दोघांना शिंगं असतात आणि तिथले अभ्यासक हीच खूण धरतात. एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर वहीत ‘ओळख पटली नाही’ असं लिहावं. बुद्धपौर्णिमेला मोजणीसाठी पाणवठ्यावर मचाणावर बसणाऱ्या तरुणांना माझं हेच सांगणं आहे. अंदाजाने माद्या वाढवल्या, तर कळप वाढतोय असा समज होतो आणि माळाकडे दुर्लक्ष होतं. रिकामा रकाना निदान कुणाची दिशाभूल करत नाही.

मादी ओळखता येण्याचा आणखी एक उपयोग आहे. पाडस गवतात दडवून ती दूर चरते. एकटी मादी तुम्हाला बघूनही लांब पळत नसेल, पुन्हा पुन्हा एकाच झुडपाकडे बघत असेल, तर पिल्लू जवळ आहे असं समजा आणि मागे फिरा. ते आईने टाकलेलं नसतं. माया म्हणून उचलून घरी आणू नका, बरोबरचं कुत्रं मोकळं सोडू नका. पाडस जखमी दिसलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.