कुंकू तसबिरीला, मग बाईला का नाही?

(कोल्हापूर येथे महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



एका मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. व्यासपीठावर महाराणी ताराबाईंची तसबीर. पहिलं हळदकुंकू तिला वाहिलं, मग सुवासिनींना. माझ्या शेजारच्या बाईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारलेले. करंडा त्यांच्यापाशी आला आणि पुढे सरकला. मी म्हटलं, "अहो, ताराराणीही विधवाच होत्या की!" कुंकू लावणारी गोंधळली. म्हणाली, "त्यांची गोष्ट वेगळी. त्या राणी होत्या."

ही 'वेगळी गोष्ट' मला अजून छळते. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या, मुलगा लहान. त्याच्या नावानं त्यांनी कारभार हाती घेतला आणि १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत मराठी मुलूख त्याला पचू दिला नाही. खाफीखानासारख्या मोगलांच्या इतिहासकारानंही त्यांच्या हुशारीची नोंद केली. कावळा नाक्यावर त्या घोड्यावर बसलेल्या आपण येताजाता पाहतो. पण १७१४ साली घरच्याच राजकारणात त्यांना मुलासह पन्हाळ्यावर कैद झाली, सवतीचा मुलगा गादीवर आला, आणि त्यानंतरही त्या १७६१ पर्यंत जगल्या, हे त्या पुतळ्यात कुठे आहे? बाईचं प्रतीक करायचं म्हणजे तिचं वैधव्य, तिची हार, तिचं म्हातारपण आधी बाजूला काढायचं.

देशाचंही तेच. बंगालच्या फाळणीच्या वर्षी, १९०५ साली, अवनींद्रनाथ टागोरांनी भारतमाता रंगवली ती भगव्या वस्त्रातली जोगीण. चार हातांत पोथी, धान्य, वस्त्र, जपमाळ. पुढे कॅलेंडरवाल्यांनी तिला मुकुट घातला, शेजारी सिंह उभा केला. (या मातेचे यजमान कोण, हे मात्र कुणी विचारत नाही!) देश आई झाला की तिची अब्रू राखणं मुलांकडे येतं, आणि ती अब्रू शोधतात आपल्या देहात. १९४७ च्या फाळणीत पळवलेल्या बायकांना परत आणायला १९४९ साली कायदा झाला. तुला जायचंय का, हे बाईला विचारायची त्यात सोय नव्हती.

आता आपल्या जिल्ह्याचं सांगते. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला: नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात शासनानं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं घराघरातलं सगळं बदलत नाही, मयताच्या दिवशी दगड हातात घेणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, हे मी पाहिलं आहे. तरी तो गावानं केला, पुतळा न उभारता केला.

म्हणून आज मी एक लहानसा ठराव मांडते. येत्या संक्रांतीच्या निमंत्रणपत्रिकेतून 'सुवासिनी' हा शब्द काढायचा, आणि करंडा रांगेतल्या प्रत्येकीपुढे थांबवायचा. घ्यायचं की नाही, ते तिनं ठरवावं. अनुमोदन कोण देतंय?