फ्लोरिडात बिऱ्हाड केलेला कोळी

अमेरिकेत फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर फोर्ट पिअर्स नावाचं शहर आहे. भोवताली संत्र्या-मोसंब्यांच्या बागा. १९९६ साली तिथल्या एका बागेत जमिनीतली बिळं दिसली आणि बिळांत तळहाताएवढे काळेभोर कोळी. एखाददुसरा असता, तर कुणाच्या तरी पेटीतून निसटला म्हणून विषय संपला असता. पण इथे त्यांची वीणही होत होती.

हा मेक्सिकन रेडरम्प टॅरान्टुला. मूळ मुलूख मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ. अंग मखमली काळं, पोटावर लांब तांबूस केस. फ्लोरिडात तो पाळणाऱ्यांकडून सुटला किंवा मुद्दाम सोडला गेला, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

दिसायला भयंकर असला तरी त्याचं विष माणसाला फारसं बाधत नाही. त्रास होतो तो केसांचा. डिवचलं की मागच्या पायांनी तो पोटावरचे बारीक केस खरवडून उडवतो. ते कातडीला लागले तर खाज सुटते, डोळ्यांत गेले तर मात्र डॉक्टर गाठावा लागतो. एरवी तो बिळाबाहेर फारसा पडतच नाही. दिवसा बिळाच्या तोंडावर रेशमाचा पातळ पडदा ओढलेला असतो. रात्री मादी दाराशी येऊन बसते आणि पायांना हादरा जाणवला की झुरळ-नाकतोड्यावर झडप घालते. अशी मादी वीस-वीस वर्षं जगू शकते. नर वयात आल्यावर फार काळ टिकत नाही.

बेलीझमध्ये अभ्यासकांनी या कोळ्याची पिल्लं आईचं बीळ सोडताना पाहिली आहेत. मुंग्यांसारखी एकामागून एक, रांगेनं! पुष्कळ कोळ्यांची पिल्लं धाग्यावर तरंगत वाऱ्याबरोबर मैलोगणती जातात. ही पायी निघतात. त्यामुळे माणसानं उचलून नेलं नाही, तर या कोळ्याचा पसारा सावकाशच वाढणार.

गंमत अशी, की या परक्या कोळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९०च्या दशकाच्या मध्यापासून निर्बंध आहेत, कारण शौकिनांच्या मागणीपायी त्याच्या जातभाईंना मूळ मुलखातच धोका निर्माण झाला. आपल्या सह्याद्रीतल्या झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या टॅरान्टुलांचे भाऊबंदही युरोप-अमेरिकेतल्या काचपेट्यांत पोचले आहेत. २०१९ पासून त्यांच्या व्यापारालाही तेच नियम लागू झाले.