चिखलाचा लोंढा आणि वेळेवरचा इशारा

ज्वालामुखी म्हटला की तप्त लाव्हारसाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु लाव्हारस बहुधा संथपणे सरकतो. त्याच्या वाटेतून माणसाला दूर होता येते. त्याहून घातक ठरतो तो चिखलाचा लोंढा. शिखरावरील बर्फ वितळल्याने किंवा मुसळधार पावसाने राख, माती व दगडधोंडे पाण्यात मिसळतात आणि ओल्या काँक्रीटसारखा हा राडा नदीच्या पात्रातून वेगाने खाली येतो. जावा बेटावरील भाषेतून आलेल्या ‘लाहार’ या नावाने शास्त्रज्ञ त्याला ओळखतात.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात ‘नेवादो देल रुईझ’ हा बर्फाच्छादित ज्वालामुखी आहे. 1984 च्या अखेरीपासून तो अस्वस्थ होता. ऑक्टोबर 1985 मध्ये तज्ज्ञांनी धोक्याच्या क्षेत्रांचा नकाशा तयार केला. पायथ्यापलीकडचे आर्मेरो हे गाव त्यात स्पष्टपणे दाखविलेले होते. 13 नोव्हेंबर 1985 रोजी दुपारी राख पडू लागली. तथापि लोकांना घरीच शांत राहण्यास सांगण्यात आले. रात्री 9 च्या सुमारास मोठा उद्रेक झाला. त्यानंतर सुमारे अडीच तासांनी, 70 किलोमीटरहून अधिक अंतर कापून लोंढा गावात शिरला. या आपत्तीत 23,000 हून अधिक माणसे दगावली. उंच जागा गावापासून फार दूर नव्हती; वेळीच निघाले असते, तर असंख्य लोक पायीच तेथे पोहोचू शकले असते.

येथे ज्ञानाची उणीव नव्हती, नकाशाचीही नव्हती. उणीव होती ती निर्णयाची आणि तो निर्णय घरोघर पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची.

या घटनेनंतर 1986 मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने अन्य देशांना साहाय्य करणारे पथक उभारले. लोंढा ओळखणारी साधी उपकरणेही विकसित झाली. नदीकाठी जमिनीत पुरलेले हे यंत्र जमिनीची कंपने टिपते. चिखलाच्या लोंढ्याची थरथर भूकंपाच्या कंपनाहून वेगळी, अधिक द्रुत आणि दीर्घकाळ टिकणारी असते. ती जाणवताच बिनतारी संदेश नियंत्रण केंद्राकडे जातो. फिलिपीन्समधील पिनाटुबोच्या 1991 मधील उद्रेकानंतर अनेक वर्षे पावसाळ्यात लोंढे येत राहिले. तेथे अशा यंत्रांचा उपयोग झाला.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियर हा 4,392 मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. त्याच्या छायेतील ऑर्टिंग हे गाव सुमारे 500 वर्षांपूर्वीच्या लोंढ्याच्या गाळावरच वसलेले आहे. पायाचे खोदकाम करताना तेथे गाडल्या गेलेल्या जुन्या वृक्षांचे बुंधे आढळले. तो लोंढा कोणत्याही ज्ञात उद्रेकाविना, कमकुवत झालेला कडा कोसळून आला असावा, असे तज्ज्ञ मानतात. म्हणजेच उद्रेकाची पूर्वलक्षणे दिसतीलच, याची खात्री नाही. म्हणून 1998 मध्ये त्या खोऱ्यांत ही यंत्रे बसविण्यात आली. इशारा मिळाल्यावर गावकऱ्यांच्या हाती जेमतेम 40 मिनिटे ते एक तास उरतो. यास्तव भोंगे बसविले गेले, सुटकेच्या मार्गांवर फलक लावले गेले आणि शाळांतील मुलांना शिक्षकांसमवेत पायी उंच जागी जाण्याचा सराव देण्यात येऊ लागला. मार्च 2024 मध्ये परिसरातील हजारो विद्यार्थ्यांनी अशा सरावात भाग घेतला.

यंत्र लोंढा थोपवीत नाही. ते केवळ काही मिनिटे मिळवून देते. त्या मिनिटांत विचारविनिमयास अवसर नसतो. भोंगा कोणी वाजवायचा, वृद्धांना व रुग्णांना कोणी न्यायचे, मुलांना कोणत्या वाटेने न्यायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. शास्त्रज्ञाचे काम इशारा देण्यापाशी संपते. तेथून पुढचे काम स्थानिक अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांचे असते. आर्मेरो आणि ऑर्टिंग यांच्या उदाहरणांतून घ्यावयाचा बोध हाच होय.