मंदिराचा जीर्णोद्धार आणि लेकीचे शिक्षण
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



केदारखेड्याच्या नावातच केदार आहे आणि केदार म्हणजे महादेव. पूर्णेकाठच्या या गावाने देवाचे घर नव्याने उभे केले आहे. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी ट्रॅक्टर लावला. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते त्याने अंगमेहनत केली. वर्गणीच्या वहीत मोठा आकडा आणि लहान आकडा एकाखाली एक लिहिला गेला. देवाच्या दारात दोन्हींचे मोल सारखेच. गावाचे अभिनंदन करावे तितके थोडेच आहे.

अशा प्रसंगी जिचे स्मरण आधी व्हावे, अशी थोर बाई म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धारात त्यांचा हात होता. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० साली पुन्हा उभे केले. देशभर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. पण चौंडीसारख्या लहानशा गावातील पाटलाची मुलगी एवढ्या योग्यतेला कशी चढली, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

त्यांचा जन्म १७२५ सालचा. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती. तरीही वडील माणकोजी शिंदे यांनी मुलीला लिहावाचायला शिकविले. लग्न लहान वयातच झाले. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. अहिल्याबाई सती निघाल्या असता सासरे मल्हारराव यांनी त्यांना मागे फिरविले आणि दौलतीच्या कारभाराला लावले. तोफा कोठे न्याव्यात, दारूगोळ्याची तजवीज कशी ठेवावी, अशा सूचना सुनेला देणारी मल्हाररावांची पत्रे आहेत. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला, आणि त्यानंतर १७९५ पर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, या बाईने राज्य सांभाळले. एका बापाने पाटी हातात दिली आणि एका सासऱ्याने विश्वास टाकला, त्याचे हे फळ होय.

काही मंडळी याचा उलटा अर्थ काढतात. ती म्हणतात, अहिल्याबाईंचे लग्नही लहानपणीच झाले होते, मग त्यांचे काय अडले? त्यांचे अडले नाही, कारण घरात मल्हारराव होते. प्रत्येक मुलीच्या सासरी मल्हारराव भेटेलच, याची हमी कोणता बाप देऊ शकेल? म्हणून लेकीला जे द्यायचे ते माहेरीच, अंगणातून पाऊल बाहेर पडण्यापूर्वी देणे शहाणपणाचे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यानंतर रस्ते झाले, वीज आली, शाळा वाढल्या. तरीही २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६१ च साक्षर निघाल्या. साऱ्या महाराष्ट्राचा आकडा त्या वेळी सुमारे ७६ होता. २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तिच्यात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांना लग्नाचे वय विचारले गेले. महाराष्ट्रात शंभरातील सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. जालना जिल्ह्यात सुमारे ३५ जणींचे. तीन मुलींमागे एक मुलगी, असा हा हिशेब आहे. मुलीच्या लग्नाचे वय १८ असावे असा कायदा १९७८ साली झाला, त्याला आता चार दशके उलटून गेली आहेत.

दोष केवळ आई-बापाच्या माथी मारणे बरोबर नाही. बापाला काळजी असते. वाटेवर कोणी त्रास देईल का, जास्त शिकली तर तोलाचा मुलगा मिळेल का, हुंडा वाढेल का, मागे धाकटी आहे तिचे काय, एखाद्या साली पीक बुडाले तर पुढे लग्न होईल का, असे प्रश्न त्याची झोप उडवितात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा मोठाच पेच असतो. या काळज्या खऱ्या आहेत. पण लग्न हा त्यांवरचा उपाय नव्हे. लग्नाने काळजी मिटत नाही, ती फक्त बापाच्या खांद्यावरून मुलीच्या खांद्यावर जाते. आणि तो खांदा अजून कोवळा असतो. कोवळ्या वयातील बाळंतपणात आईच्या जिवाला धोका आणि बाळही वजनाला कमी, हे दवाखान्यातील नर्सबाई नेहमी सांगतात.

त्यावर एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. सहाव्या वर्षी पहिलीत घातलेली मुलगी सोळाव्या वर्षी दहावी होते आणि अठराव्या वर्षी बारावी होते. तिला बारावीपर्यंत शाळेत ठेवले की कायद्याचे वय आपोआप भरते. खरा प्रश्न दहावीनंतरच्या दोन वर्षांचाच आहे. वर्गणीसाठी गाव जसे एकत्र आले, तसे या दोन वर्षांसाठी यावे. भोकरदनला किंवा जालन्याला शिकायला जाणाऱ्या मुली एकट्यादुकट्या न जाता सात-आठ जणी मिळून निघाल्या, की बापाची निम्मी काळजी तेथेच सरते. खेड्यातील मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो आणि त्या योजनेला नाव अहिल्याबाईंचेच आहे.

शाळा गावात असली तरी शिक्षणाचा पाया घरात असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटते आणि वेचणीसाठी शाळेतून पहिली काढली जाते ती मुलगी. पंधरा दिवस बुडाले की गणित मागे पडते, गणित मागे पडले की शाळेची गोडी जाते, आणि मग घरचे म्हणतात, हिचे डोकेच चालत नाही. मजुराला चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण परीक्षेच्या तोंडावर मुलीला शेतात नेऊ नये. संध्याकाळी पाणी, भांडी, धाकटे भावंड आणि चूल ही चारही कामे तिच्याच वाट्याला येत असतील, तर त्यांतले एक काम भावाने उचलावे. तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवून घरातील सर्व मुलांनी एका जागी अभ्यासाला बसावे. बापाला वाचता येत नसले तरी त्याने जवळ बसावे. त्याचे बसणे हीसुद्धा मोठी शिकवण आहे.

तसेच जेवणाचे. घरातील बाई सर्वांत शेवटी जेवते आणि तिच्या पाठोपाठ मुलीलाही ती सवय लागते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ हे काही श्रीमंतांचे खाणे नव्हे. ते सर्वांच्या ताटात सारखे वाढले गेले पाहिजे. शाळेतून मिळणारी लोहाची गोळी मुलीने घेतली का, हे आईने विचारावे.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला काढण्यासाठी एकच झुंबड उडते आणि मुदत हुकते. हे कागद मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवावेत. जन्मनोंदीत एक नाव आणि शाळेच्या रजिस्टरात दुसरे, असा फरक असेल तर तो लहान वर्गातच दुरुस्त करून घ्यावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असेल, तर इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. एका दाखल्यासाठी एवढी सवलत हातची जाऊ नये.

शेवटी, या मंदिरासंबंधी एक विनंती. नवा सभामंडप झाला आहे, तेथे उद्या गावच्या लेकींची लग्ने लागतील. मंदिर समितीने असा नियम करावा की, वधू-वरांचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय मंडप द्यायचा नाही. मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण असतील तरच अक्षता पडतील. २००६ च्या कायद्याप्रमाणे बालविवाह लावणारा, त्याला मदत करणारा आणि जाणूनबुजून हजर राहणारा असे सर्वच दोषी धरले जातात. २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवकाकडे हे काम सोपविलेले असते आणि संकटातील मुलीसाठी १०९८ हा फोन आहे. पण गावानेच नियम पाळला, तर फोन करण्याची वेळ कोणावर येणार नाही. आपल्या माणसाला नाही म्हणणे अवघड असते. समितीचा नियमच असला म्हणजे कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

कळस चढला, मंदिर पूर्ण झाले. ज्या मुली आज डोक्यावर कलश घेऊन मिरवणुकीत चालल्या, त्यांपैकी एकीचेही नाव बारावीच्या आधी शाळेच्या पटावरून कमी होऊ नये, एवढे गावाने मनावर घ्यावे. देणगीदारांनी मंदिराला दिले तसे पुढील वर्षी एखाद्या मुलीच्या पुस्तकांना, वसतिगृहाला द्यावे. ती वर्गणीही महादेवाच्याच चरणी पोहोचेल.

हर हर महादेव.