गुराख्याच्या घराण्याची गादी



गादी ही जन्मानेंच मिळावयाची, राज्य करणारें रक्तच निराळें, असें पिढ्यान्‌पिढ्या रयतेच्या कानीं घालण्यांत आलें. या म्हणण्यांत तथ्य किती, हें पाहण्यासाठीं आम्ही आज युरोपांतील सर्बिया देशाच्या ओब्रेनोविच घराण्याची हकीकत सांगणार आहों.

या घराण्याचा मूळ पुरुष मिलोश. त्यानें लहानपणीं दुसऱ्यांचीं गुरें राखलीं. लिहितां-वाचतां त्यास जन्मभर आलें नाहीं. सर्बिया तेव्हां तुर्कस्तानच्या सुलतानाच्या ताब्यांत होता. 1804 सालीं काराजॉर्ज नांवाच्या डुकरांच्या व्यापाऱ्यानें शेतकऱ्यांस घेऊन बंड उभारलें. 1813 सालीं तें मोडलें व काराजॉर्ज देश सोडून गेला. मिलोश मात्र मागें राहिला. 1815 सालीं त्यानें ताकोवो येथें पुन्हां निशाण उभारलें; थोडें लढून, पुष्कळसें मसलतीनें काम साधलें. 1830 सालीं सुलतानानें त्याची गादी वंशपरंपरेची म्हणून मान्य केली. मग राजरक्त कोठें राहिलें?

या गुराख्यानें कुणब्याचें हितही केलें. तुर्की जमीनदार गेले, पण त्यांच्या जागीं त्यानें नवे जमीनदार बसविले नाहींत. जमीन कसणाऱ्याकडेच राहिली. कर्जापायीं शेतकऱ्याचें घर व नांगराचे बैल सावकारानें नेऊं नयेत, असा नियमही त्यानें 1836 सालीं केला. याबद्दल त्यास श्रेय दिलेंच पाहिजे.

पण सद्गृहस्थहो, नाण्याची दुसरी बाजूही पाहूं. काराजॉर्ज 1817 सालीं गुप्तपणें परत आला, तेव्हां मिलोशनें त्यास मारवून त्याचें शीर सुलतानाकडे धाडलें. किफायतीच्या व्यापाराचा मक्ता स्वतःकडे ठेवला. ज्या रयतेच्या जिवावर गादी मिळाली, तिलाच वेठीस धरलें. अखेर 1835 सालीं लोक उठले, तेव्हां त्यास राज्यघटना द्यावी लागली. सर्बियाच्या भूमीवर पाऊल टाकील तो गुलाम मुक्त होईल, असें तींत कलम होतें. रशिया, ऑस्ट्रिया व तुर्कस्तान यांस ती खपली नाहीं. मिलोशलाही ती नकोच होती. कांहीं आठवड्यांतच ती गुंडाळली गेली. 1839 सालीं त्यास गादी सोडावी लागली. 1858 सालीं त्यास पुन्हां गादीवर बोलावण्यांत आलें व 1860 सालीं तो मरण पावला.

पुढें त्याचा मुलगा मिहाइलो याचा 1868 सालीं खून झाला. नंतरच्या मिलाननें 1882 सालीं राजा ही पदवी घेतली. त्याचा मुलगा अलेक्झांडर यानें 1888 ची राज्यघटना 1894 सालीं रद्द केली. 1903 च्या जूनमध्यें त्याच्याच लष्करी अंमलदारांनीं बेलग्रेडच्या राजवाड्यांत त्यास व राणी द्रागास ठार केलें. घराणें संपलें. गादीवर आला काराजॉर्जचा नातू पीटर. यानें परदेशांत असतांना मिल्लचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ सर्बियन भाषेंत आणला होता, आणि राज्यघटना मान्य करूनच तो गादीवर बसला.

यावरून काय घ्यावयाचें? राज्य करण्यास उच्च कुळ लागत नाहीं, हें मिलोशनें सिद्ध केलें. पण आपल्यांतला माणूस वर गेला म्हणजे रयतेचें काम झालें, असें समजून स्वस्थ बसूं नये. तो आपला असला तरी त्याच्या हातावर कायद्याचा दाब हवा, आणि तो दाब ठेवण्याइतकी रयत शहाणी व जागी हवी. सर्बियाच्या रयतेस हें समजण्यास सुमारें 90 वर्षें लागलीं व दोन घराण्यांचें रक्त सांडलें. आपण तें ऐकून शिकावें, एवढीच आमची विनंति आहे.