शहराचा ब्रेकर आणि थंडगार तार



घरात शॉर्ट सर्किट झालं की ब्रेकर पडतो. आपण बेसमेंटमध्ये जातो, तो पुन्हा वर करतो आणि विसरून जातो. शहराच्या सबस्टेशनमध्येही असाच ब्रेकर असतो, फक्त खूप मोठा. आज त्याच्या अडचणीबद्दल बोलू.

जमिनीखालची एखादी केबल बिघडली की आसपासच्या सगळ्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज तिकडे धावते. प्रवाह नेहमीच्या दहा-वीसपट होऊ शकतो. ब्रेकर तो तोडतो, पण त्याला साधारण तीन ते पाच आवर्तनं लागतात. अमेरिकेत सेकंदाला 60 आवर्तनं होतात, म्हणजे हा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. तरी पहिला, सगळ्यात मोठा तडाखा तोवर बसून गेलेला असतो.

शेजारची सबस्टेशनं एकमेकांना जोडली, तर एक बंद पडल्यावर दुसरं मदतीला येईल. मग जोडत का नाहीत? कारण बिघाडाच्या वेळी दोघांचा प्रवाह एकत्र येतो आणि ब्रेकरला पेलवत नाही. सगळे ब्रेकर बदलायचे तर खर्च प्रचंड.

इथे सुपरकंडक्टर, म्हणजे अतिसंवाहक, उपयोगी पडतो. 1911 साली हॉलंडमधल्या लायडनला कॅमरलिंग ऑनेस यांना दिसलं, की अतिथंड पाऱ्यात विजेला विरोधच होत नाही. 1987 मध्ये द्रवरूप नायट्रोजनच्या उणे 196 अंश सेल्सिअसलाही हे साधणारा पदार्थ सापडला. या पदार्थाची एक खोड आहे. प्रवाह ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की त्याचा हा गुण जातो आणि तो काही मिलिसेकंदांत विजेला अडवू लागतो. सेन्सर नको, हुकूम नको. वीज कंपनीला हवी आहे ती नेमकी हीच खोड!

जर्मनीतल्या एसेन शहरात 2014 मध्ये एक किलोमीटरची, 10,000 व्होल्टची अशी केबल प्रवाह-मर्यादकासह सुरू झाली. आपल्या शिकागोतही 2021 मध्ये कॉमएडच्या जाळ्यात अतिसंवाहक केबल आली. प्रवाह आवरण्याचा गुण त्या केबलमध्येच आहे.

मग सगळीकडे का नाही? कारण कंपनीचे प्रश्न साधे, पण कडक आहेत. तडाख्यानंतर तापलेली तार पुन्हा थंड व्हायला किती वेळ लागेल? काही लाइनवर ब्रेकर सेकंदाच्या आत पुन्हा जोडून पाहतात, तेवढी सवड तिला मिळेल का? थंड ठेवणारं यंत्र वर्षानुवर्षं विनातक्रार चालेल का? ते बंद पडलं तर वस्तीचं काय? कुणाच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र चालू असतं. म्हणून इथे ‘बहुतेक चालेल’ हे उत्तर पुरत नाही.

तेव्हा दिवे क्षणभर मंद होऊन पुन्हा उजळले, तर समजा, कदाचित दूर कुठेतरी एखाद्या ब्रेकरने आपलं काम केलं. त्याचं ओझं हलकं करण्याची खटपट चालू आहे.